घडणावळ आणि मोड : देशी भांड्याच्या पारखीविषयी एक संवाद

स्वयंपाकाचे चांगले भांडे देशातच घडलेले असावे ही अपेक्षा साधी दिसत असली, तरी तिच्यात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत : भांडे चांगले आहे हे कशावरून ओळखायचे, आणि ते देशी आहे असे नेमक्या कोणत्या टप्प्यावरून म्हणायचे. खनिज, त्यापासून गाळलेला धातू, धातूचा पत्रा, पत्र्याला मिळालेला आकार, आतला लेप आणि पुढे वर्षानुवर्षे लागणारी डागडुजी असे भांड्याच्या आयुष्याचे टप्पे असतात आणि ते सगळे एकाच देशाच्या हद्दीत क्वचितच पार पडतात. गुणवत्तेविषयीही एकमत नाही. काही जणांच्या मते भांड्याची पारख बाजारात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या सवयींत, म्हणजे वजन, नाद, बूड आणि घडवणाऱ्याची ओळख यांत आहे. उलट, धातूतील घटक मोजून ते मानकाशी ताडून पाहिल्याशिवाय कोणत्याही भांड्याला चांगले म्हणणे हा निव्वळ अंदाज होय, असे इतर काही जण मानतात. पुढील संवादात ही मते दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातली आहेत. एक आहे पुण्याच्या कसबा पेठेत आयुष्य गेलेली, तांबट आळीतील हातोड्यांचे ठोके ऐकत वाढलेली आत्या. दुसरा आहे पोलादाच्या कारखान्यात माल तपासण्याचे काम करणारा तिचा भाचा. भाच्याच्या नव्या घरात भांडी भरायची आहेत आणि ती देशीच असावीत एवढ्यावर दोघांचे एकमत आहे.

आत्याचा पहिला आग्रह असा, की भांडे नगावर घेऊ नये, वजनावर घ्यावे. तांब्यापितळेच्या बाजारात भांड्याची किंमत दोन भागांची असे : त्या दिवशीचा धातूचा भाव गुणिले भांड्याचे वजन, आणि त्यावर घडवणाऱ्याच्या श्रमाचा मोबदला, ज्याला घडणावळ म्हणतात. भांडे झिजले, फुटले किंवा नकोसे झाले की ते मोडीत घालता येई, म्हणजे दुकानदार ते वितळवण्याजोगा धातू म्हणून वजनावर परत घेई आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तेवढी रक्कम वळती करी. "लग्नात मुलीला हंडा, कळशी, परात, घंगाळ देत ते कशासाठी, हे ध्यानात घे," असे ती भाच्याला सांगते. "त्या भांड्यांत पाणी भरले जाई, अंघोळीचे पाणी तापे आणि अडीनडीला तीच भांडी सावकाराकडे जात. गेली ती घडणावळ. धातू घरातच राहिला. नगावर विक्री सुरू झाली तेव्हापासून पत्रा पातळ होत गेला, कारण पातळ पत्र्यातून वाचलेला प्रत्येक तोळा विकणाऱ्याच्या खिशात जाऊ लागला, आणि बाहेरून पाहणाऱ्याला पातेले तेवढ्याच आकाराचे दिसत राहिले."

या म्हणण्यातील अर्थशास्त्र भाच्याला मान्य आहे. वजनावर विक्री होत असेल तर जाड बुडाचे पैसे गिऱ्हाइकाला उघडपणे द्यावे लागतात आणि म्हणून कारागिराला ते बूड जाड ठेवणे परवडते, हे त्याला पटते; जाड बुडाने उष्णता पसरते, दूध लागत नाही, भांडे आचेवर वाकत नाही, हेही तो नाकारत नाही. त्याची हरकत वेगळी आहे. "आत्या, काट्यावर धातू किती आहे एवढेच कळते, कोणता आहे ते कळत नाही," असे तो म्हणतो. "पितळेच्या काळात हे खपून गेले, कारण पितळेचा रंग आणि नाद बऱ्याच गोष्टी सांगून जातो. स्टेनलेस स्टीलचे तसे नाही. एकाच मांडणीवर एकाच चकाकीची तीन पातेली तीन वेगळ्या पोलादांची असू शकतात आणि तिघांचे वजनही सारखे भरू शकते."

भाचा येथे ज्या प्रतींविषयी बोलत आहे त्यांचा खुलासा आवश्यक आहे, कारण बाजारातील बहुतेक गैरसमज याच ठिकाणी आहेत. साधे लोखंड गंजते. त्यात सुमारे ११ टक्क्यांहून अधिक क्रोमियम मिसळले की पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो, जो ओरखडा पडला तरी हवेतील प्राणवायूने पुन्हा धरतो आणि गंज रोखतो. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये बनवलेल्या पोलादाशी या धातूचा इतिहास जोडला जातो. आज भांड्यांसाठी प्रामुख्याने तीन प्रती वापरल्या जातात. ३०४ या प्रतीत साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ती मीठ, चिंच, लोणचे यांना सर्वांत चांगली टिकते. २०२ या प्रतीत महाग निकेल निम्म्यावर आणून त्याची जागा मुख्यतः मँगेनीजने भरून काढलेली असते. ती वाईट नव्हे, पण खारट-आंबट पदार्थ रात्रभर राहिल्यास तिच्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडण्याचा संभव अधिक असतो. ४३० या प्रतीत क्रोमियम असते, निकेल जवळजवळ नसतेच, आणि तिला लोहचुंबक चिकटतो.

चुंबकाचा उल्लेख येताच आत्या आपला अनुभव पुढे करते : चुंबक चिकटला तर स्टील खोटे, नाही चिकटला तर खरे, अशी कसोटी भांडी घेणाऱ्या बायकांत वर्षानुवर्षे चालत आली आहे आणि कपड्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी देणाऱ्या बोहारणीसुद्धा गिऱ्हाइकासमोर चुंबक लावून दाखवत. ही कसोटी फसवी आहे, असे भाच्याचे म्हणणे, आणि ते बरोबर आहे. चुंबक ४३० प्रतीला ओळखतो. ३०४ आणि २०२ यांच्यात भेद करणे त्याला शक्य नाही, कारण दोघांनाही तो सारखाच चिकटत नाही, आणि नेमकी याच दोघांत गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ शकते. त्यातही अडचण अशी, की ३०४ प्रतीचा पत्रा खोल ओढून डबा किंवा तांब्या घडवला की ताण पडलेल्या भागाला चुंबक किंचित ओढ घेऊ लागतो, त्यामुळे अस्सल माल खोटा ठरतो. शिवाय इंडक्शनच्या शेगडीवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने भांड्याचे बूडच तापवणाऱ्या शेगडीवर, चुंबक चिकटणारे बूडच लागते. ज्या गुणासाठी गिऱ्हाईक भांडे नाकारत होते, त्याच गुणासाठी आज ते अधिक किमतीला विकले जाते.

"मग खरी प्रत कळते तरी कुणाला?" या आत्याच्या प्रश्नाला भाचा जे उत्तर देतो, ते या सगळ्या चर्चेतील सर्वांत मोलाचे मानावे लागेल. कारखान्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने घटक मोजणारे, हातात धरता येईल एवढे यंत्र असते. पण त्याहून जुनी आणि स्वस्त कसोटी भंगाराच्या बाजारात आहे. भंगार विकत घेणारा व्यापारी स्टीलवर एका रसायनाचा थेंब टाकतो, लहानशा विद्युतघटाचा प्रवाह लावतो आणि रंग बदलतो की नाही हे पाहून मँगेनीज जास्त असलेला माल वेगळा काढतो, कारण ३०४ आणि २०२ यांच्या मोडीच्या भावांत मोठा फरक असतो आणि चूक झाली तर ती त्याच्या अंगावर येते. नवे भांडे विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला जे ठाऊक नसते, किंवा विकणाऱ्याला ठाऊक असून सांगायचे नसते, ते जुने भांडे मोडीत घेणाऱ्याला पक्के ठाऊक असते. आत्याला हे ऐकून आश्चर्य वाटत नाही. मोडीचा भाव हीच भांड्याची शेवटची साक्ष, असे तिच्या सासरचे लोक म्हणत, आणि घेतानाच ‘मोडीत काय धराल?’ असे विचारले की दुकानदाराला खरे बोलावे लागते, असा तिचा पडताळा आहे. हा प्रश्न आज कोणत्याही स्टीलच्या दुकानात विचारण्यासारखा आहे. ज्या दुकानदाराला उत्तर देता येत नाही, त्याच्या ‘अस्सल ३०४’ या शब्दाला किती किंमत द्यायची हे त्याच्या गप्प बसण्यावरून समजते.

येथून वाद उष्णतेकडे वळतो आणि आत्याची बाजू भक्कम होते. धातूतून उष्णता किती सहज वाहते हे मोजण्याचे परिमाण उष्णतावाहकता या नावाने ओळखले जाते. वॅट प्रति मीटर प्रति अंश या एककात ती तांब्याची सुमारे ४००, ॲल्युमिनियमची २३५ च्या आसपास, पितळेची १०० ते १२०, बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, ५० च्या जवळपास आणि ३०४ प्रतीच्या स्टीलची अवघी १५ आहे. पुरण शिजवायला पितळी पातेले का काढतात, बासुंदी आटवायला पितळी कढई का लागते आणि निव्वळ स्टीलच्या पातेल्यात खीर बुडाच्या मधोमध का लागते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. स्टील स्वतः चांगले, पण ज्योत जेथे लागते तेथेच तापते आणि शेजारी उष्णता पोहोचवत नाही. भाचा यावर तीन थरांच्या भांड्याचा दाखला देतो, ज्यात अन्नाला लागणारा आतला थर ३०४ चा, मधला उष्णता पसरवणारा ॲल्युमिनियमचा आणि बाहेरचा इंडक्शनवर चालणारा ४३० चा असतो. हे थर दाबाखाली एकजीव केलेले असतात आणि अशी भांडी आता भारतातच अनेक कारखान्यांत चांगल्या दर्जाची बनतात. आत्या ते भांडे हातात तोलून पाहते, त्याचे बूड वाखाणते आणि मग विचारते, "याची मोड काय?" चिकटवलेले थर वेगळे करता येत नसल्याने मोड जवळजवळ नाही, हे भाच्याला कबूल करावे लागते; पण मोडीत घालण्याची वेळच वीस-पंचवीस वर्षे येऊ नये अशा हिशेबाने ते घडवलेले असते, अशी पुस्तीही तो जोडतो.

पितळेच्या बाजूचे दुबळे अंग मात्र लपवता येण्यासारखे नाही, आणि ते सांगायला मराठीत स्वतंत्र क्रियापदच आहे. ताक, चिंचेचा कोळ, आमसुलाचे सार अशी आंबट वस्तू उघड्या तांब्यापितळेच्या भांड्यात राहिली तर ती कळकते, म्हणजे तिच्यात तांब्याचे क्षार उतरतात, चव तुरट-कडवट होते आणि खाणाऱ्याला मळमळते. यावरचा उपाय कल्हई. भांडे घासून, निखाऱ्यांवर तापवून त्यात नवसागराची पूड भुरभुरतात, जिने पृष्ठभागावरचा मळ निघून पांढरा धूर उठतो; मग कथलाची कांडी टेकवतात, ती वितळून पसरते आणि कापसाच्या बोळ्याने तिचा चंदेरी थर आतून सर्वत्र पुसून घेतला की भांडे पाण्यात बुडवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे आचेवर ठेवू नये आणि तारेच्या चोथ्याने घासू नये. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतही नीट कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यातील अन्न खाण्यास अयोग्य मानले गेले होते. नव्या पितळी भांड्याची हौस असलेल्या अनेक घरांत ही माहिती पोहोचलेलीच नाही. शोभेसाठी चकचकीत केलेली आणि आतून कल्हई नसलेली पितळी कढई स्वयंपाकाची म्हणून विकणे हा गिऱ्हाइकाच्या आरोग्याशी केलेला खेळ आहे, मग ती कढई कितीही देशी असो.

देशीपणाचा प्रश्न कल्हईपाशीच सर्वांत अवघड होतो. भाचा लक्षात आणून देतो, की भारतात कथलाचे उत्पादन अत्यल्प आहे, जे काही थोडे होते ते छत्तीसगडच्या दक्षिण भागात, आणि बाकी जवळजवळ सगळे कथील बाहेरून येते. तेव्हा आजीच्या ज्या पातेल्याकडे अस्सल स्वदेशी वस्तू म्हणून बोट दाखवले जाते, त्याच्या आतला थर परदेशी आहे. उत्तम स्टीलचेही तसेच, कारण ३०४ प्रतीला लागणाऱ्या निकेलसाठी भारत आयातीवर अवलंबून आहे; २०० मालिकेतील पोलाद भारतीय भांडी-उद्योगात एवढे पसरले, त्याचे एक मोठे कारण निकेलची महागाई आणि आयात हेच. तांब्याचेही बरेचसे खनिज बाहेरून येते. या कसोटीवर खाणीपासून ताटापर्यंत देशी ठरतात ती मुख्यतः लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची भांडी, ज्यांचे खनिज देशात विपुल आहे. ॲल्युमिनियम ज्यापासून मिळते ते बॉक्साइट तर कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरपठारांवरही सापडते. पितळेतील जस्ताची गोष्ट निराळी आहे. राजस्थानातील जावर येथे जस्त ऊर्ध्वपातनाने, म्हणजे त्याची वाफ करून ती थंड करून गोळा करण्याच्या पद्धतीने, युरोपच्या कितीतरी आधी काढले जात होते, आणि त्या भट्ट्यांचे अवशेष आजही पाहता येतात.

यावर आत्याने दिलेले उत्तर या लेखाच्या दृष्टीने निर्णायक आहे. "कथील कुठून आले हे पेठेत कुणी विचारत नव्हते, बाळ. कल्हई कुणी केली हे विचारत. ती उडाली तर त्याच माणसाला हाक मारता येई, भांडे पोचले तर तांबट ते ठोकून देई, बूड फाटले तर डाग लावून मिळे. परदेशातून आलेला माल वाईट असतो असे कोण म्हणते? त्याची तक्रार घेऊन जायला दार नसते, एवढेच." देशीपणा धातूच्या उगमात न पाहता घडवणारा आणि दुरुस्त करणारा किती जवळ आहे यात पाहणारी ही दृष्टी भाच्याला भावनिक वाटते, परंतु विचार करता तीच अधिक काटेकोर आहे. खनिजाचा उगम बहुतेक गिऱ्हाइकांना तपासता येत नाही आणि त्यावर त्यांचा ताबाही नसतो. दुरुस्ती करणारा आहे की नाही, झाकणाची रबरी कडी, कुकरची शिट्टी, कढईचा कान बदलून मिळतो की नाही, हे मात्र विकत घेण्यापूर्वीच पाहता येते, आणि ते पाहणारे गिऱ्हाईक असले तरच तो दुरुस्ती करणारा टिकतो.

तरीही ‘देशी’ या शब्दाच्या नावाखाली कारागिरांचेच नुकसान कसे होऊ शकते, याचा इतिहास विसरता येत नाही. ॲल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनियमची भांडी घडवण्याचा उद्योग सुरू केला आणि १९०३ मध्ये तो खासगी कंपनीकडे सोपवला गेला. देशात नवा उद्योग उभा राहिला म्हणून त्याचे कौतुक झाले. परंतु त्या काळी ॲल्युमिनियम भारतात गाळले जातच नव्हते. ते पुढे १९४३ मध्ये केरळातील आलुवा येथे सुरू झाले. म्हणजे धातू परदेशी, घडण देशी, आणि स्वस्त, हलक्या, कल्हई न लागणाऱ्या या भांड्यांचा भार सोसायचा तो पितळेवर पोट असलेल्या देशी कारागिरांनी. त्यानंतर स्टील आले आणि कासार, तांबट, कल्हईवाले या सगळ्यांच्याच धंद्याला ओहोटी लागली. पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेऱ्यांची, म्हणजे तांबे-पितळ-काशाची भांडी ठोकून घडवणाऱ्यांची, कला २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. तो गौरव खराच. पण जी वस्तू एके काळी प्रत्येक घराच्या चुलीवर होती ती वारसा म्हणून जपावी लागते, यात खेदही आहे.

पुण्याच्या तांबट आळीत आजही ज्याला मठारकाम म्हणतात ते चालते. तांब्याचा पत्रा तापवून मऊ केला की त्याला आकार देता येतो, पण तसाच ठेवला तर तो लेचापेचा राहतो. म्हणून घडवलेल्या भांड्यावर शेजारीशेजारी, सारख्या अंतराने हातोडीचे असंख्य ठोके मारतात, त्याने धातू दाबला जाऊन कठीण होतो आणि अंगावर उजळ ठिपक्यांची नक्षी उमटते. आत्याच्या मते हे ठिपके भांड्याचे बळ आहेत, आणि धातुशास्त्राच्या दृष्टीने ती शब्दशः बरोबर आहे. थंड स्थितीत ठोकल्याने धातू कठीण होण्याच्या या क्रियेला धातुशास्त्रात कार्यकठिणीकरण म्हणतात. बंब आणि घंगाळांची मागणी गिझरने संपवल्यावर येथील कारागीर शोभेच्या आणि भेटीच्या वस्तूंकडे वळले. भाच्याची सूचना अशी, की तांबे घ्यायचेच तर पाण्यासाठी घ्यावे आणि स्वयंपाकासाठी कल्हईची पितळी पातेली दोनच घ्यावीत, कारण तेवढ्यांचीच कल्हई वेळेवर होईल. आत्या तीनवर अडून बसते.

या संवादात आत्याला खरोखर मागे हटावे लागते ते एका ठिकाणी, आणि ते ठिकाण गंभीर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने काही आयात भांड्यांतून शिसे अन्नात उतरू शकते असा इशारा दिला. त्यात ॲल्युमिनियमची, पितळेची आणि हिंडालियम या नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रधातूची भांडी होती आणि त्यांपैकी काही भारतात बनलेली होती. हिंडालियम म्हणजे मॅग्नेशियम, मँगेनीज आदी धातू मिसळून कठीण केलेले ॲल्युमिनियम. मिश्रधातू म्हणून त्यात दोष नाही, पण तो कोणत्या भंगारातून गाळला गेला यावर सगळे अवलंबून असते. यंत्रांचे जुने भाग, रंग लागलेला पत्रा, विजेची उपकरणे असे मिश्र भंगार वितळवले गेले तर शिसे भांड्यात येते. कापण्यास सोपे जावे म्हणून काही पितळांत शिसे मुद्दाम घातलेले असते. ते नळाच्या तोट्यांना चालेल, पातेल्याला नाही. कथलात स्वस्त शिसे मिसळून केलेली कल्हईही दिसायला तशीच चकचकीत असते. शिशाला चव नाही, वास नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा जो परिणाम होतो तो भरून येत नाही. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणारी मराठी कुटुंबे सुट्टीत गावी आली की कढई, कुकर, डाव बॅगेत घालून नेतात, कारण वरण ‘त्याच’ कुकरचे लागते. त्यांच्यासाठी हा इशारा दूरचा नाही. "नाद ऐकून शिसे कळत नाही, आत्या," असे भाचा म्हणतो तेव्हा तिच्यापाशी उत्तर नसते. ओळखीच्या कारागिरावरचा विश्वास हा त्याच्या हातावरचा विश्वास असतो; त्याने विकत घेतलेल्या धातूची हमी त्याला स्वतःलाही देता येत नाही, आणि येथे प्रयोगशाळेला पर्याय नाही.

बिडाच्या तव्यावर दोघांचा फारसा वाद नाही, म्हणून त्याविषयी थोडक्यात सांगता येईल. बीड म्हणजे दोन ते चार टक्के कार्बन असलेले, वाळूच्या साच्यात ओतलेले लोखंड. ते जड असते, सावकाश तापते, तापल्यावर उष्णता धरून ठेवते, आणि म्हणून घावन, आंबोळी, धिरडे त्यावर जाळीदार होते. नवा तवा धुऊन, कोरडा करून, तेलाचा पातळ हात फिरवून तापवायचा आणि हे पुन:पुन्हा करायचे, म्हणजे तेलाचा कठीण काळा थर जमून तवा चिकटेनासा होतो. घरोघरी याला तव्याला तेल पाजणे म्हणतात. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतले किंवा तो फरशीवर पडला तर तडकतो. घेताना एवढे पाहावे, की काळेपणा तेलाचा आहे की रंगाचा. हा तवा खनिजापासून ओतकामापर्यंत देशी असू शकतो, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी या कोल्हापूरच्या परिसरात मोटारींच्या सुट्या भागांचे जे बारकाईचे ओतकाम होते ते पाहता, उत्तम तव्यासाठी महाराष्ट्राला कुणाच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही. कोकणातल्या आठवडी बाजारात आजही तो बिनकागदाचा, बिनडब्याचा, ढीग घालून विकला जातो.

शेवटचा वाद शिक्क्याचा आहे. प्रेशर कुकर ही दाबाखाली चालणारी वस्तू असल्याने तिच्यासाठी केंद्र शासनाने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय घरगुती कुकर विकणे बेकायदा ठरले. पुढे ऑनलाइन विक्री-मंचांवर मानकबाह्य कुकर विकले गेल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दंडही केले. मार्च २०२४ मध्ये स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठीही असाच आदेश निघाला, ज्यात स्टीलसाठी आयएस १४७५६ आणि ॲल्युमिनियमसाठी आयएस १६६० ही मानके सांगितली आहेत. या चिन्हाखाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकला की कोणत्या कारखान्याला कोणत्या वस्तूसाठी परवाना आहे ते दिसते. भाच्याच्या मते देशी आणि चांगले भांडे शोधण्याचा यापेक्षा सरळ मार्ग नाही : क्रमांक टाका, कारखान्याचे गाव वाचा, मग पैसे द्या.

आत्याला यात एक अन्याय दिसतो. चाचणीचा खर्च मोठ्या कारखान्याला लाखो भांड्यांवर वाटून टाकता येतो. दोन भाऊ आणि एक भट्टी एवढाच पसारा असलेल्या तांबटाला किंवा स्टीलची भांडी ओढणाऱ्या छोट्या गाळ्याला तो तसा वाटता येत नाही, आणि मग मानक सांभाळायला निघालेला कायदा आपल्याच माणसाला बाजाराबाहेर काढतो. भाचा यावर सामाईक प्रयोगशाळेचा उपाय सुचवतो, जेथे एखाद्या आळीतील सर्व कारागीर आपला पत्रा आणि कथील आणण्याआधी तपासून घेऊ शकतील. भट्टीवर माल आल्यानंतर भांडे नाकारण्यापेक्षा भट्टीआधी धातू नाकारणे स्वस्त, हा त्याचा हिशेब योग्य आहे, आणि तांबट आळीसारख्या एकाच गल्लीत वसलेल्या व्यवसायासाठी तो अमलात आणण्याजोगाही आहे.

मग तो परवाना क्रमांक कुठे आणि कसा कोरलेला असतो, हे आत्या चष्मा लावून नव्या पातेल्याच्या बुडाशी पाहते. तिच्या फडताळातल्या प्रत्येक भांड्यावरही अक्षरे आहेत : लग्नात आलेल्या परातीवर मामांचे नाव, मुंजीतल्या तांब्यावर मावशीचे, हळदीकुंकवाच्या वाट्यांवर तारीख. देणाऱ्याचे नाव घालण्याचे पैसे वेगळे द्यावे लागत आणि ते सगळे आनंदाने देत. ही भांडी घडवणाऱ्या तांबटाचे किंवा कासाराचे नाव मात्र त्यांपैकी एकावरही नाही. "त्याची गरज नव्हती," असे ती म्हणते, "तो समोरच्या आळीत बसे." तांबट आळीतून आणायच्या तिन्ही पातेल्यांवर बुडाशी घडवणाऱ्याचे नाव घालून घ्यावे आणि त्याचे पैसे वेगळे द्यावेत, असे भाचा सुचवतो. आत्या यादीत पातेल्यांच्या मापांखाली तेवढी ओळ वाढवते.